पंचेचाळीसची थरथर

माझ्या थोरल्या साडूंनी उभ्या आयुष्यात एकही गोष्ट नक्की सांगितली नाही. नक्की म्हणजे अगदी काहीच नाही. 'आज वार कोणता?' असं विचारलं तर आधी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचे, मग विचारणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचे, मग दारात जाऊन बाजाराला माणसं चालली आहेत का ते बघायचे, आणि परत येऊन म्हणायचे, "गुरुवार असंलबी." आपण चिडून म्हणावं, "असंलबी म्हणजे काय आप्पा? आहे की नाही?" की मग सावकाश दुसरा अर्धा भाग यायचा, "नसंलबी." तो दुसरा भाग कधी चुकला नाही. मुलगी बघायला गेले तेव्हा मध्यस्थाने बाहेर ओट्यावर नेऊन 'पसंत आहे का' म्हणून विचारलं, तिथंही त्यांनी हेच सांगितलं होतं म्हणे, आणि ती मुलगी, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आमची अक्का, पुढे तीस वर्षं त्यांना ते ऐकवत राहिली. याला अपवाद फक्त एक. रांजणगावला, कंपनीच्या गेटवर, दहा-पंधरा माणसांसमोर आप्पा एकदाच एक गोष्ट नक्की बोलले. त्या एका वाक्यापायी मी हे लिहायला बसलोय.

आता साडू म्हणजे काय प्रकरण असतं, ते ज्याला साडू आहे त्यालाच कळेल. एका घरातल्या दोन मुली नेलेली दोन परकी माणसं! सासुरवाडीला शेजारी शेजारी पाटावर बसायचं, तोंडाने 'घ्या की, घ्या की' करायचं आणि डोळ्याने कुणाच्या ताटात तूप आधी पडतंय ते बघायचं. मी शिरूर तालुक्यातला, न्हावऱ्याचा. ते दौंडचे, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे. मी त्यांना आप्पा म्हणायचो, ते मला 'पाव्हणं' म्हणायचे. दौंडच्या रेल्वे शेडमध्ये ते फिटर होते. वाफेची इंजिनं गेली तसं त्यांचं मनही उडालं. वेळेआधी निवृत्ती घेतली आणि शिरूर रस्त्याच्या नाक्यावर एका पंक्चरवाल्याशेजारी लाकडी बाकडं टाकून बसले. पाटी नाही, पाना नाही, जॅक नाही. कारण ते गाडी दुरुस्त करतच नसत. फक्त रोग सांगत. "दुरुस्ती काय, कोनबी करील. रोग कळाया पायजे," असं म्हणायचे, आणि रोग सांगून झाला की 'असंलबी, नसंलबी' लावून माणसाला मिस्त्रीकडे पाठवून द्यायचे. तरी काष्टीपासून, चौफुल्यापासून ड्रायव्हर लोक गाडी वाकडी करून यायचे, कारण दहातल्या नऊ वेळा त्यांचं 'असंलबी' खरं निघायचं. दहावी वेळ मोजायला कुणी परत आलं नाही, एवढंच मला म्हणायचंय.

आणि हा रोगही अख्ख्या गाडीचा नाही हं. गिअरबॉक्सपासून मागचा. ज्यांचा ट्रकशी संबंध फक्त ओव्हरटेक करण्यापुरता आला आहे त्यांच्यासाठी सांगतो. ट्रकचं इंजिन पुढे असतं आणि गाडीला ढकलणारी चाकं मागे. मधे एक लांबलचक लोखंडी नळकांडं गरगर फिरत ती ताकद मागे पोचवतं, तो शाफ्ट. त्याच्या सांध्यांत क्रॉस नावाचे अधिक-चिन्हासारखे तुकडे असतात. आणि मागच्या दोन चाकांच्या मधोमध घागरीएवढा जो गोळा असतो तो डिफरन्शिअल, त्याच्या पोटात क्राऊन आणि पिनियन नावाची दातेरी चक्रं. आप्पांचं राज्य एवढंच. इंजिनाबद्दल विचारलं की ते हात जोडायचे, "त्ये पुढचं डिपारमेंट. आपलं मागचं." एकदा एका बिचाऱ्याच्या गाडीच्या तोंडातून धुराचे लोट निघत होते, तो पाण्यासाठी बादली शोधत सैरावैरा पळत होता, आणि आप्पा त्याच्या मागोमाग चालत त्याला समजावत होते की मागच्या गोळ्यात तेल कमी असंलबी.

राहणी अशी की अंगात बगळ्यासारखा पांढरा शर्ट आणि पांढरा पायजमा. ट्रकखाली जाणारा माणूस पांढऱ्या कपड्यात! अक्काने जुन्या लुगड्यांची शिवलेली एक गोधडी ते कायम काखेत घेऊन हिंडायचे. गाडी आली की गोधडी गाडीखाली अंथरायची, त्यावर उताणं झोपायचं, दोन्ही हात छातीवर ठेवायचे आणि वर बघत राहायचं. हात कशालाही लावायचा नाही. नवखा माणूस घाबरून विचारायचा, "म्हातारा गेला का काय?" अर्ध्या तासाने बाहेर यायचे ते जसे गेले तसे, एक डाग नाही. मी त्यांच्या शेजारी नुसता उभा राहिलो तरी माझ्या शर्टाला ग्रीस लागायचं. हे कसं व्हायचं, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

गाडीखाली जाण्याआधी ड्रायव्हरची उलटतपासणी व्हायची. कवापास्नं होतंय? भरल्या गाडीला का रिकाम्या? चढाला का उताराला? अॅक्सिलेटरवर पाय दाबल्यावर का सोडल्यावर? ऐकणाऱ्याला वाटावं, वैद्यबुवा पोट तपासताहेत. "पाय दाबला की रडती, सोडला की गप, असं आसंल तर डिफ्रेन्सल. निघताना टाणकन ठोकर देती, तर क्रॉस. आन् ठरावीक स्पीडला थरथरती, त्याच्या आधी न्हाई न् नंतर न्हाई, तर शाफ्ट. बाकी समदं ड्रायव्हरच्या डोक्यात." आणि वर एक ठेवणीतलं वाक्य, "गाडी खोटं बोलत न्हाई, पाव्हणं. माणूस बोलतो." शेवटची तपासणी म्हणजे हौद्यातली. रिकाम्या हौद्यात गोधडी टाकून पालथं झोपायचं, फळीला कान लावायचा, समोर पाण्याने काठोकाठ भरलेला तांब्या ठेवायचा आणि केबिनच्या काचेवर टकटक करून ड्रायव्हरला 'चल' म्हणायचं. तांब्यातलं पाणी कुठं हिंदकळतं, कसं हिंदकळतं, यावर निदान. खड्ड्यात आदळून निम्मं पाणी त्यांच्याच अंगावर यायचं, पण पाणीच ते, पांढऱ्या कपड्यावर दिसायचं नाही.

हा नाद नाक्यावर राहिला असता तर ठीक होतं. पण एसटीत बसले तरी हे मागच्या सीटवर, चाकाच्या वर, डोळे मिटून. एकदा आम्ही दोघं दौंडहून शिरूरला येत होतो. चौफुल्याच्या पुढे आप्पा एकदम उठले, कंडक्टरला म्हणाले, "आम्हाला हितंच उतरवा, क्रॉस चालला असंल." आम्ही भर उन्हात रस्त्यावर उतरलो. एसटी मजेत निघून गेली. मी दोन तास दुसऱ्या गाडीची वाट बघत त्यांच्याकडे बघत होतो आणि ते रस्त्याकडे बघत होते. ती एसटी पुढे बंद पडली का, म्हणाल तर तेही कळलं नाही. आम्ही नंतर ज्या गाडीने गेलो तिच्यातून ती वाटेत कुठं दिसली नाही, यावर आप्पांचं म्हणणं, "वढून न्हेली असंल." माझ्या मेहुण्याच्या वरातीतली गोष्ट तर सगळ्या भावकीला ठाऊक आहे. नवरदेवाच्या जीपमागे आप्पा कमरेत वाकून, एक कान खाली करून, हात पाठीमागे बांधून चालले होते. बँडवाल्यांना वाटलं म्हातारा रंगात आलाय. त्यांनी ताल बदलला. पाच-सहा पोरं आप्पांभोवती तशीच वाकून नाचायला लागली. कुणीतरी आप्पांवरून दहाची नोट ओवाळली. आप्पांचं लक्षच नाही. चौकात गेल्यावर सरळ उभे राहिले आणि गाडीत बसलेल्या नवरदेवाला म्हणाले, "खाली उतरा. पिनियनचं दात गेलं असत्याल." अक्का त्यानंतर महिनाभर त्यांच्याशी बोलली नाही, आणि आप्पांना ते महिन्याच्या शेवटी कळलं.

तर आता माझी गाडी. माझ्याकडे एक जुना सहाचाकी ट्रक होता, दुसऱ्या हाताचा. मालक मीच, ड्रायव्हर मीच. रांजणगावच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या काचेच्या बाटल्या कुरकुंभच्या औषध कारखान्यात पोचवायच्या, हे माझं काम. ते मिळवायला मी दोन वर्षं त्या गेटवर उभा राहिलो होतो. आठवड्याच्या चार खेपा ठरलेल्या, त्यावर घर चाललेलं, पोरगी शिरूरला कॉलेजात. दुसरं भाडं नाही, दुसरी गाडी नाही. त्यामुळे त्या ट्रकवर माझा जीव फार. बायको म्हणायची, माझ्या आजारपणात एवढी काळजी केली नाहीत. खोटं नव्हतं ते.

त्या वर्षी खंडेनवमीला गाडीची पूजा करायची म्हणून आदल्या दिवशी मी ट्रक आंघोळ घालून रंगवायला काढला. वरून सगळेच रंगवतात. मी म्हटलं, आपण खालूनही रंगवू. शाफ्टवर लाल-पांढरे पट्टे मारायचे, म्हणजे फिरताना काय बहार दिसेल! "चालत्या ट्रकखाली वाकून कोण बघणार हाय?" बायकोने विचारलं. तिला सौंदर्यदृष्टी नाही, असं मी मनात म्हटलं आणि गाडीखाली गेलो. शाफ्टच्या मागच्या टोकाजवळ काडेपेटीएवढा एक पत्र्याचा तुकडा वेल्डिंगने चिकटवलेला होता, वाकडातिकडा. आधीच्या मालकाने कसलंतरी ठिगळ मारलं असणार. त्याच्यामुळे पट्टा सरळ येईना. मी छिन्नी घेतली, चार घाव घातले, तो उडवला, कानशीने घासून जागा सपाट केली आणि वरून लाल ऑइलपेंट मारला. तुकडा कुठं पडला ते बघितलंसुद्धा नाही. दसऱ्याला आप्पा सोनं द्यायला आले, तेव्हा हौसेने त्यांना खाली वाकवून दाखवलं. "झ्याक दिसतंय," ते म्हणाले. "नक्की ना?" "असंलबी. नसंलबी."

दसऱ्यानंतरच्या पहिल्याच खेपेला न्हावऱ्याच्या पुढे गाडी थरथरली. काटा पंचेचाळीसवर आला आणि पायाखालची पत्र्याची जमीन चावायला लागली, आरसे धूसर झाले, मागे हजारो बाटल्या एकमेकींशी कुजबुजायला लागल्या. पंचावन्नच्या वर गेलं की शांत. चाळीसच्या खाली आलं की शांत. पण भरल्या गाडीला त्या रस्त्यावर चाळीस आणि पन्नासच्या मधेच तर राहावं लागतं! कुरकुंभला खोकी उघडली तर चार खोक्यांत चुरा. पुढच्या खेपेला सात.

सरळ आप्पांकडे जायला हवं होतं. पण साडूकडे जायचं आणि तेही माझ्या गाडीसाठी? सासुरवाडीला पंगतीत तो विषय निघणार, अक्का म्हणणार 'आमच्या ह्यांनीच नीट केली', छे छे! मी शिरूरच्या मिस्त्रीकडे गेलो. त्याने गाडी दोन्ही बाजूंनी चालवून बघितली आणि म्हणाला, "क्राऊन-पिनियन." डिफरन्शिअल उघडून चक्रं बदलली. थरथर तशीच, वर आता गाडी पाय दाबला की रडायला लागली. हायवेवरच्या दुसऱ्या मिस्त्रीने हिंदीत सांगितलं, "क्रॉस गया है, भाई." दोन्ही क्रॉस बदलले. थरथर तशीच, रडणं तसंच, आणि आता निघताना टाणकन ठोकर. तिसऱ्याने शाफ्ट मधे जिथं टेकतो ते बेअरिंग बदललं. त्याने एक नवीन घूं घूं सुरू झालं. म्हणजे मी एक आजार घेऊन निघालो आणि चार घेऊन परत आलो. कुठला आवाज आधीचा, कुठला नंतरचा, कुठला कुणी लावलेला, मला काही म्हणजे काही समजेना. झोपेत मी पाय दाबायचो आणि सोडायचो, असं बायको सांगते.

आणि मग कंपनीच्या सुपरवायझर साहेबांनी मला बोलावलं. पुण्याचा तरुण माणूस, चष्मा, हातात पॅड. आवाज न चढवता म्हणाला, "सोमवारी गाडी नीट करून आणा, आणि तुमच्या मिस्त्रीला बरोबर आणा. नक्की काय झालं होतं, ते मला त्याच्या तोंडून ऐकायचंय. मिस्त्रीकडून चूक झाली असेल तर मी समजू शकतो, मशीन आहे. पण मालकच गाडीशी काही उद्योग करत असेल, तर त्याच्या हातात मी काच देणार नाही. गाडी बंद." त्या दिवशी बुधवार होता. नक्की.

घरी आलो, जेवलो नाही. बायकोने ताट झाकलं आणि एवढंच म्हणाली, "आप्पांकडं जावा. लाजायला का तुमची नवी सोयरीक हाय?" गेलो. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं, 'आधी का आला न्हाई' असं एका शब्दाने विचारलं नाही, गोधडी काखेत मारली आणि केबिनमध्ये चढून बसले. आमच्या न्हावऱ्यात तीन दिवस मुक्काम. आणि त्या तीन दिवसांत मी एक गोष्ट पहिल्यांदा पाहिली, ती म्हणजे गोंधळलेले आप्पा. पहिल्या दिवशी हौद्यातून उतरले ते डोकं खाजवत. "पाव्हणं, हिच्या अंगात चार जणं एकदमच बोलत्यात. कुणाचं ऐकू?" मग त्यांनी एकेकाला गप करायचं ठरवलं. शिरूरच्या मिस्त्रीला गाठून चक्रांमधली फट नीट करवली, रडणं गेलं. क्रॉसच्या पट्ट्या आवळवल्या, ठोकर गेली. बेअरिंगचा ब्रॅकेट सरळ बसवला, घूं घूं गेलं. राहिली ती मूळची, पंचेचाळीसची थरथर.

"आता ही एकटी हाय. आता बोलंल," आप्पा म्हणाले. रविवारी सकाळी त्यांनी माझ्या पाण्याच्या पंपाची, रबरी पाइप आवळायची लोखंडी क्लिप मागून घेतली. शाफ्टच्या मागच्या टोकाला घेराभोवती खडूने चार आकडे घातले, एक, दोन, तीन, चार. क्लिप तिथं आवळली, तिच्या स्क्रूची जड बाजू एक आकड्यावर. मी गाडी पंचेचाळीसवर न्यायची, आप्पा तांब्यासह हौद्यात. एकवर थरथर तीच. दोनवर वाढली, पाणी सांडलं. मग तीन. काटा चाळीसवर गेला, त्रेचाळीस, पंचेचाळीस, अठ्ठेचाळीस. काही नाही! मी श्वास धरून परत खाली आणलं, परत वर नेलं. काही नाही हो! मागून काचेवर टकटक झाली. गाडी बाजूला घेऊन मागे धावलो, तर आप्पा मांडी घालून बसलेले आणि समोर काठोकाठ तांब्या. त्यांच्या तोंडावर असा आनंद मी अक्काच्या मुलाच्या बारशालाही पाहिला नव्हता. मी त्यांना मिठी मारली. त्यांच्या पांढऱ्या शर्टाला माझं ग्रीस लागलं. त्यांच्या शर्टावर मी पाहिलेला तो पहिला डाग.

"शाफ्टचं वजन एका अंगाला गेलं असंल," ते गाडीखाली शिरत म्हणाले. "ह्या तीन आकड्यापाशी काहीतरी कमी वाटतंय. कंपनी हितं पत्र्याचा तुकडा लावती, वजन सारखं करायला. या, खाली या." मी त्यांच्या शेजारी गोधडीवर पडलो. आप्पांनी खिशातून एक नाणं काढलं आणि तीन आकड्याजवळचा माझा लाल रंग हळूहळू खरवडला. खाली कानशीने घासलेलं चकाकणारं लोखंड निघालं, काडेपेटीएवढं, आणि त्याच्या दोन्ही टोकांना वेल्डिंगचे उरलेले ठिपके. छिन्नी, चार घाव, सरळ पट्टा, सगळं डोळ्यांपुढे उभं राहिलं. आप्पांनी अंगठा त्या जागेवरून फिरवला आणि मान न वळवता विचारलं, "हितं काय हुतं का हो, पाव्हणं?"

"मला काय माहीत आप्पा," मी म्हणालो. "आधीच्या मालकाच्या वेळचं असेल."

त्यांनी नाणं परत खिशात टाकलं. शाफ्टवरचे माझे लाल-पांढरे पट्टे आमच्या दोघांच्या नाकावर होते. मग म्हणाले, "असंलबी." त्या दिवशी तो दुसरा भाग आला नाही, पण ते माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

सोमवारी मिस्त्री म्हणून आप्पांनाच बरोबर घेऊन रांजणगावला गेटच्या आत गाडी उभी केली. सुपरवायझर स्वतः पँट दुमडून वाकला, खरवडलेली जागा बघितली. भोवती लोडिंगची माणसं, दुसऱ्या गाड्यांचे ड्रायव्हर, वॉचमन. साहेब शिकलेला होता, त्याने एका नजरेत ओळखलं. "हे गंजून पडलेलं नाही. हे छिन्नीनं काढलंय, आणि वर रंग नवा आहे. कोणी काढलं?" त्याने माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं. डोळ्यांपुढे पोरीचं कॉलेज, बायकोने झाकलेलं ताट.

"म्या काढलं, साहेब," आप्पा म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे वळले. पांढरे कपडे, काखेत गोधडी. "दसऱ्याला मी ह्यांच्याकडं गेल्तो. रंगाचं काम चाललं हुतं. मला वाटलं कचरा हाय, म्हून उडवला. ह्यांना ठावं न्हाई."

"नक्की?" साहेबाने विचारलं.

"नक्की," आप्पा म्हणाले.

मला आजही तो शब्द त्यांच्या आवाजात ऐकू येतो. आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस नक्की बोलला, आणि ते खोटं होतं. छिन्नीच काय, साधा पाना हातात धरायला तयार नसलेला माणूस! पण तिथं हे माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. साहेबाने त्यांना झापलं, "आणि तुम्ही मिस्त्री म्हणवून घेता? बॅलन्सचा तुकडा ओळखता येत नाही?" आप्पा शाळेतल्या मुलासारखे मान खाली घालून उभे होते. ड्रायव्हर लोक एकमेकांना कोपर मारून हसत होते. मग साहेब माझ्याकडे वळून म्हणाला, "शाफ्ट पुण्याहून बॅलन्स करून आणा. तुमची खेप चालू राहील." मी त्याला 'थँक्यू सर' म्हणालो. आप्पांना काहीच म्हणालो नाही. परतीच्या वाटेवर ते हौद्यात बसायला गेले नाहीत, केबिनमध्ये माझ्या शेजारी बसले आणि कवठे येमाईला कुणाच्या तरी ट्रॅक्टरचं काय झालं होतं, ते सांगत राहिले. मला त्यातला एक शब्द आठवत नाही.

आम्ही दौंडला पोचायच्या आत ती गोष्ट दौंडला पोचली होती. ड्रायव्हर लोकांची जीभ शाफ्टपेक्षा जोरात फिरते. नाक्यावर गाडी थांबली की पोरं ओरडायची, "आप्पा, बघा, पण हात लावू नका हां! कायतरी काढून ठिवाल!" आप्पाही हसायचे. हळूहळू गाड्या कमी झाल्या. जे तीस मैलांवरून विश्वासाने यायचे, ते सरळ मिस्त्रीकडे जायला लागले. दोन वर्षांत बाकडं तेवढं राहिलं, आणि त्यावर काखेत गोधडी घेऊन बसलेले आप्पा. माझ्या खेपा मात्र चालू होत्या. पोरगी पदवीधर झाली. पंगतीत विषय निघाला की मी ताटात बघून जेवायचो. मला कितीदा वाटलं, आता बोलावं, आत्ता. नाही बोललो. माझी लाज वाटते मला, दुसरा शब्द नाही.

ट्रक विकला त्या वर्षी मी दौंडला गेलो. अक्का आत चहा टाकत होती. मी बाहेर पडवीत आप्पांच्या शेजारी बसून एका दमात सांगून टाकलं, "आप्पा, तो तुकडा मीच काढला होता. तुम्हाला तेव्हाच कळलं होतं का?"

त्यांनी कॅलेंडरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं. "असंलबी," म्हणाले. मी थांबलो. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून त्यांनी सावकाश पुरं केलं, "नसंलबी."

"मी आत जाऊन अक्कांना खरं सांगतो. नाक्यावरही सांगतो."

"नगं," ते घाईने म्हणाले. "त्या येळंपास्नं ती समद्यांना सांगत आस्ती, आमचं मालक साहेबाम्होरं ताठ उभं ऱ्हायलं आन् नक्की बोललं म्हून. तीस वरसांत तिला माझं एवढंच पटलंय. ऱ्हाऊ द्या तिच्यापाशी." तेवढ्यात अक्का चहा घेऊन आली आणि आम्ही दोघंही कपात बघायला लागलो.

आता आप्पा नाहीत, मागोमाग अक्काही गेली. नाक्यावरचं बाकडं पंक्चरवाल्याने भिंतीला लावून ठेवलंय, मी जाता-येता बसतो. ट्रक जातात, कान आपोआप खाली जातो, पण मला काहीही कळत नाही, डिफरन्शिअल कुठला आणि क्रॉस कुठला. परवा शेजारी एक म्हातारा ड्रायव्हर येऊन बसला आणि सहज म्हणाला, "हितं एक आप्पा बसायचे. लई हुशार, पण एकदा त्यांनी शाफ्टचा तुकडा काढून एकाची गाडी बिघडवली." मी म्हणालो, "त्यांनी नाही. मी काढला होता." त्याने विचारलं, "नक्की?"

"नक्की," मी म्हणालो.